उलटी बाजू नसलेली सतरंजी

मी एक सतरंजी. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, अर्धे गाव मावेल एवढी मोठी. सध्या जिथे आहे तिथे अंधार आहे आणि मला सुतळीने आवळून बांधले आहे. बोलायची मला सवय नाही. माझ्यावर बसून बाकीचेच बोलतात. पण आता बोलून ठेवलेले बरे. मला सहसा कुणाचा भरवसा वाटत नाही, तेव्हा तुम्हीही माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी ऐका, मग ठरवा.

माझा जन्म हर्सूलच्या तुरुंगातला. आजूबाजूच्या मागांवरचे कैदी काम करता करता एकच वाक्य बोलायचे, "मी नव्हतोच तिथं." चोरी झाली तिथे हे नव्हते, मारामारी झाली तिथेही नव्हते. मी हातभर विणून होईपर्यंत माझी खात्री पटली, की जगातले गुन्हे आपोआपच घडत असावेत. मला विणणारा बन्सी तेवढा वेगळा होता. तो म्हणायचा, "मी व्हतो. निवडणूक सायबाची, काठी माझ्या हातात. सायब निवडून आला आन् मी हितं आलो."

बन्सीनेच मला एक गोष्ट सांगितली. शेजारचा नवखा कैदी विचारत होता, हिची सुलट बाजू कोणती? बन्सी म्हणाला, "गालिच्याला सुलट-उलट असतं. सतरंजीला नसतं. हिला दोन्हीकडून बघ, सारखीच." तेव्हा ते मला काही विशेष वाटले नव्हते.

तुरुंगाच्या दुकानातून मला तात्यासाहेबांनी विकत घेतले. पाचोडच्या अलीकडे एक फाटा आहे, तिथून आत त्यांचे गाव. नाव सांगत नाही, प्रकरण अजून मिटलेले नाही. "तुरुंगातला माल हाय, टिकंल," असे म्हणून त्यांनी मला ग्रामपंचायतीला दिले, आणि देण्याआधी माझ्या कोपऱ्यावर रंगाने लिहून घेतले, 'तात्यासाहेबांकडून गावास सप्रेम भेट'. माणूस देवळाला पंखा देतो तेव्हाही त्याच्या पात्यांवर स्वतःचे नाव घालतो. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

तेव्हापासून ग्रामसभा, कीर्तन, प्रचारसभा, सगळे माझ्यावर. माणसे वर काय बोलतात याकडे मी फारसे लक्ष देत नाही. मी बसणे ओळखते. ज्याला मध्येच सटकायचे असते तो एक टाच उचलून बसतो. ज्याला विषय पटलेला नसतो तो तोंडाने "मंजूर, मंजूर" म्हणतो आणि बोटांनी माझ्या कडेच्या दशा उसवतो. 'एकमताने मंजूर' झालेल्या ठरावांनीच माझी एक कड बोडकी केली आहे.

मला अंथरायचे आणि उचलायचे काम कडूबाचे. हा तात्यासाहेबांचा जुना कार्यकर्ता. आधी धूळ झटकायचा, मग पट्ट्यावर पट्टा बसवून घडी घालायचा. माझ्यावर मात्र तो कधी बसला नाही. सभा संपेपर्यंत मागे उभा राहायचा. एकदा घडी घालता घालता तो बायकोला, आवडाबाईला म्हणाला, "जन्मभर सतरंज्याच उचलायच्या व्हय गं?"

ती म्हणाली, "मग बसा की एकदा तिच्यावर."

हे त्याने मनावर घेतले. ग्रामपंचायतीची एक जागा रिकामी झाली होती. तात्यासाहेबांनी त्यासाठी पुतण्याचे, सत्यमचे नाव ठरवले होते आणि गाव बिनविरोध होणार म्हणून शहरातून अभिनंदनाचे फलकही मागवले होते. कडूबा म्हणाला, मीही अर्ज भरणार.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी तहसिलीत पोचायला त्याने पैठणची सकाळची एसटी धरायला हवी होती. पण आदल्या संध्याकाळी पारावर कीर्तन झाले होते आणि मी तशीच पसरलेली होते. "आधी सतरंजी उचलतो, मग जातो," म्हणून तो उजाडताच पारावर आला. दुसरा कुणी आला नसता. ज्यांच्या विरुद्ध उभे राहायचे त्यांचीच सतरंजी उचलायला यावे, ही चूक फक्त कडूबाच करू शकत होता.

तो वाकून माझी कड हातात घेत होता, तेवढ्यात सत्यम दोघांना घेऊन आला. "जीव घ्यायचा नाय," सत्यम त्या दोघांना म्हणाला. "फक्त आजची तारीख जाऊ द्यायची." मी ऐकले. बन्सीच्या हातातली काठी मी पाहिली नव्हती. ही मात्र पाहिली.

पाय मोडला आणि डोक्याला खोक पडली. रक्त माझ्या पांढऱ्या पट्ट्यावर पडले. निळ्यावर पडले असते तर कदाचित लपले असते. माझ्याच एका टोकात गुंडाळून त्यांनीच त्याला तात्यासाहेबांच्या जीपमध्ये टाकले, आधी पाचोडच्या दवाखान्यात आणि मग शहरातल्या घाटी रुग्णालयात नेले. तिथे कडूबाने स्वतःच्या तोंडाने सांगितले, "गाडीवरून पडलो." तारीख गेली, सत्यम बिनविरोध झाला आणि फलक लागले.

सत्यमने माझ्यावर बादल्या ओतल्या, सोडा चोळला. डाग फिका पडून तपकिरी झाला, पण गेला नाही.

आता परदेशाची गोष्ट. तात्यासाहेबांचा मुलगा शिवराज वाळूजच्या कारखान्यात होता आणि कंपनीने त्याला परदेशी धाडले होते. त्या देशाचे नाव माझ्यावर बसलेल्या कुणालाच धड घेता येत नव्हते, म्हणून मीही घेत नाही. तिथे निवडणूक झाली. हरलेल्यांनी मोजणीच्या ठिकाणी घुसून कारकुनांना काठ्यांनी मारले, जिंकलेल्यांची घरे जाळली. शिवराज खोलीत अडकून पडला. त्याची आई आशाबाई गावची सरपंच आहे. कागदावर ती सरपंच, बाकी सगळे तात्यासाहेब बघतात. ती दिवसभर फोन उराशी धरून असायची.

अशात तात्यासाहेबांनी टीव्हीवर पाहिले, की कुठल्याशा तिसऱ्याच देशाच्या संसदेने ठराव केला, आम्ही तिथल्या लोकशाहीच्या पाठीशी आहोत आणि हिंसाचाराचा निषेध करतो. ते पारावर म्हणाले, "मग आपण काय कमी हायेत का? ग्रामसभा म्हंजे गावाची संसदच की!"

मला तेव्हाच शंका आली. मुलाची काळजी खरी असेल. पण जिल्हा परिषदेच्या तिकिटाची बोलणी चालू होती आणि ठरावाच्या दिवशी शहरातून वार्ताहर येणार होता, हेही खरे होते. ज्याच्या पारावर काठी चालली, त्याला समुद्रापलीकडची काठी इतकी स्पष्ट कशी दिसते?

ठराव लिहायला वैजनाथ गुरुजींना बोलावले. गुरुजी निवृत्त होऊन शहरात राहतात, गावी त्यांची शेती आहे. त्यांचाही मला संशय. कडूबाचे त्यांना ठाऊक नसेल असे नाही. पण त्यांनी कागदावर मान खाली घालून लिहिले आणि मान खाली ठेवूनच चहा घेतला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर पारावरच ग्रामसभा भरली. कडूबा कुबडीवर होता, म्हणून मला सत्यमने अंथरले. डाग दिसू नये म्हणून त्याने मला पालथी घातली. मग पाहिले, तर डाग होताच. घाईघाईने त्यावर थंड पाण्याचा जार आणून ठेवला, बरोबर लोकांच्या मधोमध.

"पाणी काय नवरदेव हाय का रे, मधी बसवायला?" एक म्हातारा म्हणाला. लोक हसले आणि जारच्या भोवती बसले.

आशाबाई खुर्चीवर होती. तात्यासाहेबांना पद नसले तरी शेजारी त्यांचीही खुर्ची असते. गुरुजींनी ठराव वाचला. शेवटचे वाक्य चांगले होते, मीही कान टवकारले. "जगात कुठेही मताला काठीने उत्तर दिले जात असेल, तर ही ग्रामसभा त्याचा तीव्र निषेध करते."

टाळ्या झाल्या. ग्रामसेवकाने विचारले, "तात्या, हा पाठवायचा कोणत्या पत्त्यावर?" त्यावर थोडी कुजबुज झाली. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवडाबाई उठली.

"गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा ना."

"जगात कुठंबी म्हणालात. आपलं गाव जगात येतं का?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

तात्यासाहेब म्हणाले, "आवडाबाई, विषय काय, तुम्ही बोलताय काय? तुमचा मालक गाडीवरून पडला. त्यानंच घाटीत सांगितलंय. व्हय का नाय रे कडूबा?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. कडूबा नेहमीच्या जागी उभा होता. त्याने कुबडी एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. खरे सांगावे तर गाव सोडावे लागेल आणि पुन्हा "व्हय" म्हणावे तर उरलेले आयुष्य मान वर करता येणार नाही. मी त्याच्या पायाखाली नव्हते, तरी मला त्याचे ओझे कळत होते. माझ्या कडेला किती बोटे लागली होती म्हणून सांगू! सगळे गाव दशा उसवत होते.

तेव्हा आशाबाई बोलली. बोलायच्या आधी ती नेहमी नवऱ्याकडे बघते. आज बघितले नाही.

"कडूबाभाऊ, कोणच्या गाडीवरून पडलात?"

आशाबाई खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"तुमच्याकडं गाडी कुठंय? सायकलबी नाय तुमच्याकडं."

हे गावात कुणाला ठाऊक नव्हते? लहान पोराला माहीत होते, की कडूबा चालत जातो नाहीतर एसटीने जातो. पण हा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मागून एक जण खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला.

"आशा, गप बस," तात्यासाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"काल शिवराजचा फोन लागला," ती सभेलाच सांगू लागली. "तिकडं ज्यांना मारलं ना, ती माणसं टीव्हीवर सांगतात, आम्ही जिन्यावरून पडलो. शिवराज म्हणाला, आई, हिथं समद्यांचेच जिने एकाच दिवशी कसे काय निसरडे झाले? मला तवा कडूबाभाऊ आठवले."

कडूबा कुबडी टेकत पुढे आला. भर सभेत पहिल्यांदाच त्याने माझ्यावर पाय ठेवला. जारपाशी थांबून तो म्हणाला, "सत्यम, मी सतरंजी अंथरतो तवा जार टेबलापाशी असतो. मधी का ठेवला?"

आवडाबाईनेच पदर खोचला आणि जार ढकलून बाजूला केला. पाणी हिंदकळले आणि डागावर सांडले. ओला झाल्यावर तो पुन्हा लालसर दिसू लागला.

सत्यमच्या तोंडून निघून गेले, "उलटी करून तर टाकली व्हती!"

बन्सी, तू असायला हवा होतास.

कडूबा म्हणाला, "मी पडलो नाय. मला हितं पाडलं, हिच्यावर. नावं ठाण्यात सांगतो, हितं नाय." मग तो खाली बसला, डागाच्या शेजारी, मोडका पाय सरळ पसरून.

आशाबाई ग्रामसेवकाकडे वळली. "भाऊसाहेब, लिहा. त्या देशात झालं त्याचा निषेध आन् आपल्या पारावर झालं त्याचाबी निषेध. एकाच ठरावात. कुणाला मान्य हाय, त्यांनी हात वर करा."

किती हात वर गेले ते मला खालून दिसत नाही. पण त्या क्षणी माझ्या दशांना एकही बोट लागलेले नव्हते. माझ्यासाठी तेवढे पुरे होते.

तात्यासाहेब तडक उठून गेले. वार्ताहराने टोपण लावलेले पेन पुन्हा उघडले. आवडाबाईने मला डोक्यावर घेतले आणि घरी नेले. "पंचायतीत ठेवली तर ही रात्रीतून जळंल," म्हणाली. संशयी बाई. मला आवडली.

काही दिवसांनी आशाबाई तिच्या घरी आली. खुर्ची नव्हती, म्हणून माझ्यावर बसली. माझ्यावर ती पहिल्यांदाच बसत होती. टाच उचललेली नव्हती. म्हणाली, शिवराजने आपला ठराव तिथल्या सोबत्याला समजावून सांगितला. त्या सोबत्याचा भाऊ मोजणीच्या कामावर होता, त्याचाही हात मोडला होता. सगळे ऐकून त्याने एवढेच विचारले, "कडूबा आता कसा आहे?"

आवडाबाईने पदराने डोळे टिपले. मी मात्र अजून विचार करते. आशाबाई का बोलली? मुलाच्या भीतीने, नवऱ्याच्या रागाने, की न्यायाने? त्या सकाळी रक्ताने भरलेली जीप तिच्याच अंगणात धुतली गेली असणार, तेव्हा ती कुठे होती? ठाऊक नाही. चांगली गोष्टही मला दोन्ही बाजूंनी बघावीशी वाटते.

मग कडूबाने जबाब दिला, पोलीस आले, पंचनामा झाला आणि मला घडी घालून, लाखेचे सील मारून इथे आणले. तुरुंगात जन्मले, आता मुद्देमालाच्या खोलीत आहे. गळ्यात चिठ्ठी आहे. पलीकडे उंदीर फिरतात, भिंतीला ओल आहे. परवा दाराबाहेर कुणीतरी हळू आवाजात विचारत होते, "जुना मुद्देमाल किती दिवस ठेवता हो?" आवाज मला ओळखीचा वाटला. सांगत नाही कुणाचा. सत्यम आणि ते दोघे आता म्हणतात, "आम्ही नव्हतोच तिथं." हे वाक्य मी जन्मापासून ऐकते आहे.

म्हणून वाचकहो, एक विनंती. खटल्याची तारीख निघेल तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी कोर्टात जा आणि विचारा, सतरंजी कुठे आहे? नुसते विचारले तरी मी सहज हरवणार नाही. मला उलगडतील तेव्हा कुणी म्हणेल, ही बाजू नको, ती दाखवा. खुशाल दाखवू द्या. डाग तिकडेही आहे.