धाकट्याची मूठ

ताईंनी आम्लात बुडवलेला कागदाचा कपटा चिमट्यानं उचलला आणि बेडकाच्या पाठीवर ठेवला. बेडकाला डोकं नव्हतं. दहा मिनिटांपूर्वीच त्यांनी ते कात्रीनं उडवून बाजूच्या बशीत ठेवलं होतं. टेबलाभोवती दाटीनं उभी असलेली मुलं पुढे वाकली. बेडकाचा मागचा पाय सावकाश वर आला, पाठीपर्यंत पोचला आणि त्यानं तो कपटा नेमका झटकून टाकला.

पुढे उभ्या असलेल्या एका मुलीनं विचारलं, त्याला दुखतंय का.

"कुणाला?" ताई म्हणाल्या आणि त्यांनी बशीकडे बोट केलं. "ज्याला दुखायचं, तो तर तिकडे पडलाय."

वर्गात खसखस पिकली. गेली सव्वीस वर्षं ती याच वाक्याला पिकत होती. मग ताईंनी फळ्यावर मेंदू काढला, पाठीचा कणा काढला, कातडीपासून कण्यापर्यंत जाणारी नस आणि तिथूनच स्नायूकडे परतणारी दुसरी नस काढली. निरोप वर मेंदूपर्यंत जातच नाही, त्या म्हणाल्या. कणा परस्पर उत्तर देऊन मोकळा होतो. बघणाऱ्याला वाटतं, जनावर विचार करून वागलं.

रविवारी त्या आईकडे गेल्या. धाकटा भाऊ पुढच्या खोलीत पलंगावर होता. दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडला, त्याला आता आठ महिने होत आले होते. डोळे उघडे असत, पण ते छताकडे बघत. नाकात नळी होती. भावजय दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची. आठ महिन्यांत त्याच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती. मोठ्या दवाखान्यातल्या नर्सनंसुद्धा तिला शाबासकी दिली होती.

याच सुनेशी आई लग्नानंतर वर्षभर धड बोलल्या नव्हत्या. आता त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, की ही होती म्हणून माझा मुलगा परत येतोय. तिनं हाक मारली की तो तिचा हात दाबतो. माझाही दाबतो. सकाळ-संध्याकाळ त्या त्याच्या तळहातात बोटं देऊन तासभर गप्पा मारत. कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, सगळं. मग जेवायला बसत. अपघातानंतर महिनाभर त्यांनी अन्न जवळपास टाकलंच होतं, ते आता कोणाच्या लक्षातही नव्हतं.

ताई पलंगाशी उभ्या राहिल्या. हा त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्याच्या बुटांच्या नाड्या त्यांनी बांधल्या होत्या, पाढे त्यांनी पाठ करून घेतले होते. त्यांनी त्याचं मनगट धरून हाक मारली. मनगट तसंच लुळं राहिलं.

"तुझा आवाज नाही ओळखत तो," आई म्हणाल्या. "रोज जवळ बसावं लागतं गं माणसाच्या."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. ताईंचा चेहरा मात्र उतरला.  मग त्यांनी ताटलीतला औषधाचा चमचा घेतला आणि त्याचा दांडा भावाच्या तळहातावरून बोटांकडे ओढला. मूठ मिटली. चमचा आत गच्च अडकला.

"आता चमच्याला ओळखलं का त्यानं?"

भावजय दारात आली होती. "ताई, पुरे," ती म्हणाली.

पण ताईंचा वर्ग सुरू झाला होता. त्यांनी किल्लीनं त्याचा तळपाय खरवडला, पाय आखडला गेला. तान्ह्या मुलाची मूठ अशीच मिटते, त्या सांगत होत्या. मग मेंदूचा पुढचा भाग वाढतो आणि तिला आवरून धरतो. तो भागच गेला, की मूठ पुन्हा मोकाट सुटते. त्यात हाक नाही, ओळख नाही. आवाज शांत होता आणि एकही शब्द चुकीचा नव्हता.

आईंनी चमचा ओढून पाहिला. तो निघेना.

"म्हणजे तुझ्या त्या बेडकांसारखं?"

"हो."

"तास संपल्यावर काय करता त्यांचं?"

उत्तराला न थांबता आई भिंतीला धरत बाहेर निघून गेल्या.

निघताना भावजय फाटकापर्यंत आली. तिचा आवाज चढला नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी तिला पहिल्याच महिन्यात हे सगळं समजावून सांगितलं होतं, ती म्हणाली. तिनं त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. मग घरी येऊन तिनंच आईंना शिकवलं होतं, बोट तळहाताला नेमकं कुठं लावायचं ते.

"जेवत नव्हत्या त्या," ती म्हणाली. "एवढंच होतं."

बुधवारी आईंचा फोन आला. रजा टाक आणि ये, सुनेला मी माहेरी पाठवलंय. ती जायला तयार नव्हती, माझा पदर धरून रडत होती, पण बॅग मीच भरली.

"का?" ताईंनी विचारलं.

"एकतीस वर्षांची पोर आहे ती. तो तिथं नाहीच म्हटल्यावर तिनं कुणासाठी बसायचं? तूच सांगितलंस ना."

ताईंनी महिन्याची रजा टाकली. मग आणखी एका महिन्याची. त्यांना ते काम जमत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात भावाच्या कमरेजवळ लाल चट्टा उठला आणि चौथ्यात तो फुटला. आई पलंगाच्या खोलीत पाऊल टाकत नसत. त्या बाहेर खुर्चीवर बसून घड्याळ बघत आणि वेळ झाली की आवाज देत. अर्धी भाकरी खाऊन ताटावरून उठत.

एका दुपारी ताई भावाला डाव्या कुशीवर घेत होत्या. कमरेखाली हात घालून त्यांनी जोर लावला, तेवढ्यात त्याचा तळहात त्यांच्या मनगटावरून घसरला आणि मूठ मिटली. ओढलं तर ती आणखी घट्ट होते, हे त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. हाताच्या मागच्या बाजूनं हलकंच कुरवाळलं की बोटं आपोआप उघडतात, हेही.

"झालं का गं?" बाहेरून आईंनी विचारलं.

"झालं."

त्या तशाच वाकून राहिल्या. पाठीत कळ आली तरी हलल्या नाहीत. मग त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याला हाक मारली. थोडं थांबून, पुन्हा एकदा.