बटण, माईक आणि आक्काबाईंची ओ

मित्रांनो, मी एक जुना दुभाष्या प्रोग्राम आहे आणि जन्मापासून घाबरट आहे. देशोदेशीच्या लोकांनी नोकरी सांभाळून, जेवणं उरकल्यावर मला फुकटात लिहिलं. त्यामुळे माझ्या काही ओळींत जांभया राहिल्या आहेत.

पडेगावच्या कान तपासणी केंद्रात कॉम्प्युटर नवा आला, पण तपासणीचा प्रोग्राम वीस वर्षांपूर्वीचाच राहिला. मी त्याला आजोबा म्हणतो. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. आजोबांनी "शिट्टी" म्हटलं की मी कॉम्प्युटरकडून हेडफोनमध्ये वाजवून घेतो. पेशंटनं बटण दाबलं की आजोबांना कळवतो. जुळलं तर कौतुक आजोबांचं, बिघडलं तर शिव्या मला.

परवा कन्नड तालुक्यातून आक्काबाई आल्या. सोबत मुलगा सोनाजी.

"म्हातारीला माझ्या जीपचा हॉर्न ऐकू येत नाय," तो तपासणी करणाऱ्या करुणा मॅडमना म्हणाला. "बहिरी निघाली तर तिची चाळीस मेंढरं इकून टाकतो."

"इक बरं, मुडद्या," आक्काबाई म्हणाल्या आणि काचेच्या बंद खोलीत जाऊन बसल्या.

शिट्टी वाजली. त्यांनी बटण दाबलं आणि वर "ओ!" म्हणाल्या. हाक आली की ओ द्यायची, एवढी रीत त्या पाळतात.

पण सकाळी झाडताना बटणाची वायर निघाली होती. मी आजोबांना कळवलं, "बटण सापडत नाही." आजोबांना दोनच उत्तरं समजतात: दाबलं, नाही दाबलं. त्यांनी "नाही" लिहिलं.

दुसरी शिट्टी. "ओ!" आजोबांनी लिहिलं, "नाही."

तिसरी, अगदी बारीक. "आवं, ओ म्हन्ते ना!" आजोबांचं पुन्हा "नाही."

खोलीतला माईक माझ्याकडे होता. ती ओ मी एकटाच ऐकत होतो. पण आजोबांनी माईकचं विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायचं नाही हा आमचा कायदा. पडद्यावर निकाल उमटायला लागला. चाळीस मेंढरं माझ्या डोळ्यांपुढून गेली. मला डोळे नाहीत, तरी गेली. मी इतका घाबरलो, की बंदच पडलो.

"गेलं का परत!" मॅडम वैतागून उठल्या, वायरी चाचपू लागल्या. "अगं बाई, बटण तर लोंबकळतंय!"

पुन्हा तपासणी झाली. वीस शिट्ट्या, वीस वेळा बटण, वीस वेळा ओ.

"आक्का, मग जीपचा हॉर्न?" मॅडमनी विचारलं.

"येतो की ऐकू. पण वाटेवर मेंढरं आधी जातील, मग हा. त्याला लई येळा सांगितलं. त्याचेच कान बघा."

मित्रांनो, यंत्र बंद पडलं तर त्याला चापट मारू नका, आधी वायर बघा. माणूस गप्प वाटला तरी तेच करा. तो कदाचित कधीपासून ओ देत असेल.

उद्या सोनाजीचे कान आहेत. मी आत्तापासूनच घाबरलोय.