काठावरचे नाव

मी एक जुने स्टीलचे पातेले आहे. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दहाजणांच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या कुठल्याही भांड्याला विचारा. आपण कोणाच्या पिशवीतून कोणाच्या घरी जाऊ, याचा नेम नसतो.

कारखान्यात सपाट पत्र्याला एका दणक्यात पोट आले, तो माझा जन्म. मला एका बाईंनी विकत घेतले आणि तिथल्या तिथे काठावर आपले नाव कोरून घेतले. त्यांचाही कोणावर विश्वास नव्हता. आमचे छान जमले.

त्यांच्या गल्लीत मंदिर होते. वर देव, खाली स्वयंपाकघर. चैत्राच्या पहिल्या दिवशी सगळी मंडळी नवे कपडे घालून जमत. वर नव्या वर्षाचे पंचांग वाचले जाई आणि खाली माझ्यात सगळ्यांसाठी गोड शिजे. "बाईंच्या पातेल्यात कधी करपत नाही," असे लोक म्हणत. तेव्हा मला फार बरे वाटे.

मग बाई गेल्या. थोरल्या सुनेने कोणाला न विचारता मला आपल्या घरी नेले. त्या दिवसापासून धाकटी थोरलीशी बोलेनाशी झाली. थोरलीने मला काथ्याने खसाखसा घासले, त्यात बाईंचे नाव पुसट झाले. एका वर्षी मंदिरात गोड शिजवताना माझा एक कान निखळला, तेव्हा तिने मला तिथेच गळक्या नळाखाली टाकून दिले. तिथे मी ठिबकणारे पाणी झेलत बसले. मला फार वाईट वाटले.

एके दुपारी तिथे धाकटी आली. तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, मला चादरीत गुंडाळले आणि मागच्या दाराने निघाली. घरी गेल्यावर तिने मला कपाटावर, जुन्या सुटकेसमागे दडवले. सरळ माणूस भांडे मांडणीवर ठेवतो. ही चोरीच होती.

नवे वर्ष तोंडावर आले, तसा शेजारणीचा फोन आला.

"अगं, तुझी जाऊ गोडासाठी सासूबाईंचं पातेलं शोधतेय. मंदिरातल्या आचाऱ्याने लांबवलं म्हणते. यंदा त्याला आत पाऊल टाकू देणार नाहीयेत."

धाकटीने फोन ठेवला. मला खाली काढून ती तडक भांड्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने नाव कोरायचे यंत्र हातात घेतले. आता ही बाईंचे नाव घासून टाकणार, पुरावा नष्ट करणार! यंत्र गुरगुरू लागले, तशी माझी पाचावर धारण बसली.

चैत्राचा पहिला दिवस उजाडला. स्वयंपाकघरात थोरली आल्यागेल्याचे भांडे उलटसुलट करून नावे वाचत होती. आचारी बाहेर पायरीवर मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात गोडाने काठोकाठ भरलेल्या मला घेऊन धाकटी आत शिरली.

"पातेलं मी नेलं होतं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आचारीदादांना आत बोलवा."

थोरली तावातावाने पुढे आली आणि माझ्यापाशी येऊन थांबली. नवा कान घट्ट बसला होता. बाईंचे नाव पुन्हा ठळक झाले होते आणि त्याखाली थोरलीचे नाव कोरले होते.

"आणि तुझं नाव गं?"

"चोर कधी आपलं नाव घालतो का, ताई?"

"विचारलं असतंस तर दिलं नसतं का मी?"

"तुम्ही तरी कुठे विचारलं होतं?"

थोरलीचे डोळे भरून आले. ती आधी पायरीवर गेली. "दादा, माझं चुकलं. आत या," म्हणाली. मग परत येऊन धाकटीला हळूच म्हणाली, "जेवणं झाली की हे तुझ्याकडेच ने."

मित्रांनो, थोरलीचा अंदाज चुकला, तसा माझाही चुकला. घरातली वस्तू घेताना एकमेकांना विचारा आणि ती मोडली तर वेळीच नीट करा. माझा संशय काही गेलेला नाही. पण हल्ली कोणी मला गुंडाळू लागले की आधी हात कोणाचा आहे ते बघते. दोघींपैकी कोणाचाही असला, तरी मी मुकाट्याने जाते.