डाळिंबाने गिळलेली तार

मी एक जुनी तांब्याची तार आहे. जुनी म्हणजे किती, हे काही मला नीट सांगता येणार नाही, मित्रांनो. जन्माच्या वेळी मी वितळलेली होते, आणि वितळलेल्याला कसली आली आठवण! शुद्धीवर आले तेव्हा एका कारखान्यात, रिळावर, शेकडो बहिणींना खेटून बसले होते. मग अंगावर लाल प्लास्टिकचा झगा चढला आणि एका इमारतीच्या पंपाला मला जोडलं. पाणी आपणहून कधी जिना चढत नाही. त्याला चौथ्या मजल्यापर्यंत चढवायचं, हे आमचं काम. म्हणजे माणसाच्या हट्टाला हातभार लावणं माझ्या वाट्याला अगदी पहिल्यापासून आलं.

पंप जळला तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या घड्याळजींनी मला भंगारातून उचललं. माझा लाल झगा सोलून काढला आणि मला थेट निखाऱ्यांवर ठेवलं. मला वाटलं, संपलं आपलं! पण लाल होऊन निवले, तेव्हा मी इतकी मऊ झाले होते की एखाद्या लहान मुलीनंही मला हवं तसं वळवावं.

घड्याळजींनी दुकान बंद केलं होतं, पण त्यांचे हात काही स्वस्थ बसायला तयार नव्हते. गच्चीवर त्यांनी उथळ कुंड्यांमध्ये वीतभर उंचीची झाडं वाढवली होती. फांदीभोवती माझे तिरके वेढे घालायचे, मग फांदी हळूहळू वाकवायची. काही महिन्यांत तिला तेच वळण पडायचं. "वाटेल तसं वाढतं ते झाड," घड्याळजी ऐटीत म्हणत, "आणि सांगितलं तसं वाढतं ते माझं झाड!"

खरं सांगते, मलाही त्याचा गर्व वाटायचा. शेजारीपाजारी येत, कुंडीभोवती फिरत, तोंडात बोट घालत. काम झालं की घड्याळजी मला अलगद उलगडून घेत. वाकून वाकून मी ताठर झालेली असे. मग पुन्हा निखारे, पुन्हा मऊ, पुन्हा नवी फांदी. चांगली तार कापायची म्हटलं की त्यांच्या जिवावर येई.

मात्र तार वेळेत काढावी लागते. झाड काही थांबत नाही. फांदी जाड होत जाते आणि तार सालीत रुतू लागते. विसर पडू नये म्हणून घड्याळजींनी आपली एक युक्ती काढली होती. प्रत्येक कुंडीला ते एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ बांधत आणि त्याचा तासकाटा, ज्या महिन्यात तार काढायची त्या आकड्यावर नेऊन ठेवत. काटा दोनवर म्हणजे दुसरा महिना, फेब्रुवारी. कॅलेंडर बघायलाच नको!

त्यांची नात जन्मली त्याच वर्षी त्यांनी डाळिंबाचं एक बी लावलं होतं. नातीचा पाय एका जागी टिकत नसे, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. ती सात वर्षांची झाली, तेव्हा तिच्या डाळिंबाची मोठी फांदी मी धरली. ती फांदी धबधब्यासारखी कुंडीबाहेर खाली झुकवायची, असा बेत होता. घड्याळाचा काटा तीनवर लावला गेला.

तिसरा महिना आला. उन्हं तापली, डाळिंबाला तांबूस पालवी फुटली, आणि मी वाट बघू लागले. घड्याळजी रोज येत, पाणी घालत, घड्याळाकडे बघत आणि पुढच्या कुंडीकडे जात. चौथा महिना गेला. फांदी फुगत होती, मी रुतत होते. ओरडावंसं वाटे, पण तारेला तोंड कुठलं? जिला वळण लावायचं, तिचाच गळा मी आवळत होते. फांदीच्या शेंड्याची पानं पिवळी पडू लागली.

पाचव्या महिन्यात एकदा भिंगरीची आई तिला घेऊन कपडे वाळत घालायला आली. तिची नजर म्हणजे नजर!

"बाबा, जरा इकडे या बरं. ही फांदी सुजल्यासारखी नाही का दिसत?"

"छे गं, तार आठव्या महिन्यात काढायची आहे. हे बघ, काटा आठवर आहे."

"डाळिंबाची तार आठव्यात? मागे तुम्हीच तर तिसरा महिना म्हणाला होतात."

घड्याळजी कुंडीजवळ आले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ बघितलं, फांदी बघितली आणि मटकन स्टुलावर बसले. भिंगरी आईच्या पदराआड सरकली.

"भिंगरे," आई म्हणाली, "काय केलंस?"

"काही नाही. ते बिचारं बंद पडलं होतं ना, म्हणून मी चावी दिली आणि जरासं हलवलं. मग ते खूप वेळ चाललं!"

"खूप म्हणजे पाच तास," घड्याळजी म्हणाले. त्यांच्या मिशा हलू लागल्या आणि मग ते खो खो हसत सुटले. "अगं, त्या घड्याळापुढे मी हात टेकले होते! मला जन्मात जमलं नाही, ते या पोरीनं चालवून दाखवलं!"

"हसताय काय आजोबा? माझी फांदी मरणार का?"

त्यांचं हसू एकदम मावळलं. "उलगडायला गेलो तर साल निघेल आणि फांदी जाईल. कापावीच लागेल तार."

"मग कापा ना!"

"आठ झाडं घडवली गं हिनं."

"बाबा," आई हळूच म्हणाली, "तार दुसरी मिळेल."

मी मनातल्या मनात म्हणत होते, कापा, लवकर कापा! त्यांनी पक्कड घेतली. कट्, कट्, कट्. एकेक वेढा सुटून फरशीवर उडू लागला आणि तुकड्यागणिक मला कसं हलकं हलकं वाटत गेलं! एक वेढा मात्र सालीत इतका बुडाला होता की तिथं पक्कड शिरेना. "राहू दे तेवढा," घड्याळजी म्हणाले, "झाड घेईल पोटात."

तो वेढा म्हणजे मी. दोन वर्षं झाली. माझ्यावर साल चढली आहे, पण फांदी जगली. आणि कशी जगली! आजोबांचा बेत धुडकावून तिनं शेंडा वर वळवला आणि ती सरळ उन्हाकडे निघाली. "बाबा, तुमचा धबधबा उलटा वाहतोय," आई चिडवते. "वाहू दे," ते म्हणतात, आणि त्याच फांदीशी सगळ्यांत जास्त वेळ उभे राहतात. मी फांदीला वाकवायला आले होते. आता तीच मला वर घेऊन चालली आहे.

मित्रांनो, झाडाला वळण लावूच नका, असं मी म्हणणार नाही. तो आनंद मीही भोगला आहे. पण बांधलंत तर रोज जवळ या, बोट फिरवून बघा आणि घट्ट वाटलं तर सोडा. शोभा गेली तरी चालेल, फांदी राहिली पाहिजे.

आज या फांदीला तीन लालभडक कळ्या आल्या आहेत. बघितल्यात ना? मग आता जरा बाजूला सरा बघू. तुमची सावली पडते आहे त्यांच्यावर.