नमुना एकेचाळीस

मॅडमनी लाल पेनाने एकेचाळीसवर काट मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला. हा एक गाळला की महिनाअखेरीस प्रबंध जातो, म्हणाल्या.

कागदावर भेकांचा वंशवृक्ष होता. भेक म्हणजे बेडकाचाच भाऊबंद, कोरड्या खरबरीत अंगाचा, उडी मारण्यापेक्षा सरपटण्यावर भर असलेला. नदीच्या दोन्ही काठांवर मिळून आम्ही साठ भेक पकडले होते. प्रत्येकाच्या तोंडात कापसाची काडी फिरवायची, काडी नळीत टाकायची आणि त्याला जागच्या जागी सोडून द्यायचं, असं काम. दिसायला सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. डीएनए मात्र वेगळंच सांगत होता. त्याच काठावर दोनशे किलोमीटर लांब राहणारा भेक सख्खा, आणि समोरच्या काठावर हाकेच्या अंतरावर बसलेला फार लांबचा चुलत. मधल्या वाहत्या पाण्याने लाखो वर्षं दोन्ही घरांचं येणंजाणं बंद ठेवलं होतं. माझा सगळा प्रबंध या एका गोष्टीवर उभा होता.

फक्त एकेचाळीस ऐकत नव्हता. पकडला पूर्व काठावर, आणि जाऊन बसला पश्चिमवाल्यांच्या फांदीवर.

"नळ्या बदलल्या असणार," मॅडम म्हणाल्या. मग चष्मा पुसत, "हे बघ, तुला तेव्हा पाचवा महिना होता. होतं असं. मी कुणाला सांगत बसणार नाहीये."

त्या प्रेमानेच म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. कारण तो भेक मी विसरणं शक्य नव्हतं. पंपघराच्या ओट्याखाली बसला होता. उचलला तर हातावर मुतला, आणि मी हसले, आणि त्याच क्षणी पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं. चिठ्ठी मी स्वतः पेन्सिलने लिहून नळीत टाकली होती. शाईने लिहिलं तर नळीतल्या अल्कोहोलमध्ये धुऊन जातं, म्हणून आम्ही सगळे पेन्सिलच वापरतो. त्यानंतर मला चक्कर आली आणि आम्ही गाडी फिरवली. बाकी प्रत्येक ठिकाणचे चार-पाच नमुने होते, तिथला हा एकच. म्हणजे एका परीने मॅडमचं खरंच होतं. घोळ पाचव्या महिन्यानेच केला होता, पण वेगळा. पण पोरीची पहिली लाथ हा पुरावा प्रबंधात कुठल्या प्रकरणात घालायचा?

मी म्हणाले, मला दोन महिने द्या, मी परत जाऊन आणते. त्या म्हणाल्या, आठ महिन्यांचं मूल घेऊन? मी म्हणाले, हो. एकेचाळीस काढून टाकला असता तर प्रबंध झाला असता; पण पुढे आयुष्यभर प्रत्येक नळीत चिठ्ठी टाकताना मला माझाच संशय आला असता.

घरी नवऱ्याची सुट्टी संपलेली. मग सासूबाईच तयार झाल्या. आईंना भेकांची किळस, पण नात्यांचा भारी शौक. कुठल्याही दोन माणसांचं नातं त्या तीन पायऱ्यांत जुळवून दाखवतात. गाडीत पोरीला मांडीवर थोपटत त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगायला लावलं आणि शेवटी म्हणाल्या, म्हणजे हा तुझा एकेचाळीस पूर्वेकडे घरजावई आहे, किंवा मग त्याचं घरच तिथलं नाही.

"तो पोहत आला असेल असं नाही ना?"

"एवढ्या ओढीच्या पाण्यातून नाही, आई. आणि आलाच असेल तर एकटा आला असेल. तिथे त्याच्यासारखे आणखी सापडले तर गोष्ट वेगळी."

पंपघर तसंच होतं. हिरवा दरवाजा, बाहेर गंजलेला जुना व्हॉल्व्ह, ओट्याशी सतत ठिबकणारं पाणी. पंपवाले काका पंचवीस वर्षं तिथे नोकरीला. त्यांनी आईंना खुर्ची दिली, पोरीला हातातली चाव्यांची जुडी दिली आणि मला विचारलं, "ताई, बेडकं कशाला? सरकार पगार देतं याचा?" थोडा देतं, म्हटलं. मग तेही माझ्याबरोबर दगड उलटायला लागले. दिवस कलायच्या आत ओट्याखाली, नळाच्या खड्ड्यात, विटांच्या ढिगात मिळून बारा भेक सापडले. पोरगी रडली की हात धुऊन तिला पाजायचं, परत हातमोजे चढवायचे. प्रत्येक चिठ्ठी मी दोनदा वाचत होते. आई तिसऱ्यांदा वाचत होत्या, मोठ्याने, साक्षीदारासारख्या.

निघताना मी काकांना म्हटलं, उद्या पलीकडच्या तळ्याजवळ बघते. पंपघराच्या पूर्वेला एक लांबलचक, कोयत्यासारखं वाकडं तळं आहे. नकाशात त्याला नुसतं तळंच म्हटलंय.

काका हसले. "तळं कसलं? ती जुनी नदी. आमच्या पणजोबांचं शेत इथेच होतं, पंपघर आहे तिथे. त्यांना पूर्वेच्या बाजाराला जायला नाव लागायची, पश्चिमेला पायी जायचे. मग एका पुरात नदीने वळण सोडलं आणि सरळ निघाली. आता आम्हाला पश्चिमेला जायला नाव लागते."

मी हातमोजे घालून तशीच उभी राहिले. आईंना आधी कळलं. त्या पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाल्या, "अगं, घर हललंच नाही. अंगणातलं कुंपण हललं."

साठ नमुन्यांना आम्ही काठ लावले होते ते आजची नदी बघून. आमच्यासारख्यांची हीच खोड. लाखो वर्षांचा हिशोब मांडायचा आणि नदी मात्र गेल्या वर्षीच्या नकाशातून घ्यायची. एकेचाळीसचे पूर्वज कुठे गेलेच नव्हते. पाणीच वळसा सोडून त्यांच्या मागून वाहायला लागलं होतं, आणि जमीन, पंपघर, काकांच्या पणजोबांचं शेत, सगळं न हलता काठ बदलून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या पलीकडून आणखी बारा पकडले. परत आल्यावर मोजणी खात्यात चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला कारकून म्हणाला, जुने नकाशे दाखवत नाही. चौथ्या खेपेला पोरीने त्याच्या टेबलावरचा शिक्का तोंडात घातला आणि तो स्वतःच उठून कपाटाकडे गेला. पिवळ्या पडलेल्या नकाशावर नदी तळ्यातून वाहत होती.

निकालाला पाच आठवडे लागले. पंपघराजवळचे बाराच्या बारा पश्चिमेचे. तळ्यापलीकडचे अकरा पूर्वेचे आणि एक मिश्र, आईकडून पश्चिमेचा, बापाकडून पूर्वेचा. वाहत्या पाण्याने लाखो वर्षं अडवलं, साचलेल्या पाण्याला शंभर वर्षांतच ते जमेना. ही बातमी सासूबाईंना फोनवर सांगितली तर म्हणाल्या, म्हणजे जमलं म्हणायचं एकाचं.

मॅडमनी नवा वृक्ष आणि जुना नकाशा शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं. माझ्या मांडीवर पोरगी टेबलाची कड चावत होती. मग त्यांनी खणातून जुना कागद काढला, लाल काट असलेला. ती खोडता येत नव्हती. त्यांनी माझ्या पिशवीतली पेन्सिल मागून घेतली आणि कडेला लिहिलं: एकेचाळीस ठेवायचा. तपासणी करणाऱ्याची चूक.

"प्रबंधात याचं वेगळं प्रकरण कर," त्या म्हणाल्या. "महिनाअखेर जाऊ दे."

"पुढच्या महिनाअखेरीला देते."

"मूल सांभाळून?"

"हो. तेही."

त्या दुपारी पोरगी झोपली तेव्हा मी प्रकरणाची पहिली ओळ लिहिली: नमुना ४१, पंपघराचा ओटा, जागा बरोबर. मग उठून बघून आले. झोपेत तिचा पाय हलत होता, अगदी त्या दिवशीसारखा. परत येऊन दुसरी ओळ लिहिली: काठ नदीने बदलला.