कडूबाईचा पक्का पत्ता

साहेब, तीन दिवस तुम्ही त्या बाईला लाकडी बाकावर बसवून ठेवलंत. खुर्ची तुमची, शिक्का तुमचा, नियमही तुमचाच. फक्त मरणाऱ्या माणसानं तुमची मीटिंग संपेपर्यंत दम धरावा, एवढं कलम त्यात घालायचं राहून गेलं तुमच्याकडून.

"बाई, ह्या रकान्यात काय लिवलंय हे?" परदेशी नागरिक नोंदणीच्या कचेरीतल्या हवालदार सुंदररावांनी फॉर्म ल्हामोपुढं सरकवला. "'मेंढरं बसतील तिथं.' हा काय पत्ता हाय व्हय?"

"खरं हाय ते, साहेब. आज गेवराईकडं बंकटच्या रानात. मग खतासाठी जो शेतकरी बोलावल, त्याच्या रानात."

"घर नंबर? गल्ली?"

"घर न्हाई. घोडं हाय. घोड्यावर बिऱ्हाड."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

ल्हामो तिबेटी. जन्म कर्नाटकातल्या वसाहतीतला. आईबाप ज्या डोंगरावरून उतरून आले, तो तिनं फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. तरी कागदावर परदेशी. दिवाळी झाली की बीडच्या स्टँडजवळ स्वेटरांची दोरी बांधायची, संक्रांत सरली की सोडायची, असे अठ्ठावीस हिवाळे गेले. मुक्काम बदलला की कळवायचं, हे तिच्या हाडात भिनलेलं. एकदा तिचा नवरा न कळवता पाहुण्याच्या लग्नात चार दिवस राहिला, तर त्याची नोंदणीची वही दीड वर्ष अडकून पडली. तेवढा काळ त्याला वसाहतीची कमान ओलांडता आली नाही. ल्हामोच्या वहीची मुदत आता फाल्गुनात संपत होती.

आणि कडूबाई मरणाला टेकली होती.

कडूबाई मेंढपाळाची बाई. पहिल्याच हिवाळ्यात दोरीवरचा स्वेटर चिमटीत धरून म्हणाली होती, "माय गं, ही लोकर न्हाई, ही तर पिलास्टिक!" ल्हामोला शब्द कळले नव्हते, हसू कळलं होतं. दुसऱ्या दिवशी कडूबाईनं घोंगडी आणून तिच्या अंगावर टाकली. "हिला म्हनत्यात लोकर." तेव्हापासून कळप बीडवरून गेला आणि ती ल्हामोकडं आली नाही, असं झालं नाही.

यंदा ती आली नाही. तिच्या नवऱ्याचा, सटवाचा फोन आला. "कडू पानी बी घेत न्हाई. तुझंच नाव घेती. दोन रोज ऱ्हायाला ये."

"कळवून येते, दाजी."

"कुनाला कळवतीस? रानात कोन बघतंय तुला?"

पण ती कळवायला आली. पहिल्या दिवशी सही करणारे मोठे साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर. सुंदरराव माणूस वाईट नव्हता. आवाज खाली करून म्हणाला, "कडूबाईच्या आधारवर वडवणीकडची वाडी हाय ना? तीच लिवा अन् जावा गेवराईला. मी काय बघाया येतोय?"

"खोटं लिवू? अन् उद्या कुनी इचारलं तर तुमी असताल का हितं?"

सुंदररावांनी चहा मागवला.

बाकावर उन्हाचा चौकोन सरकत होता. ल्हामोचा डोळा लागला. भिंतीतून मेंढरं आली, कपाटांच्या मधून, फायलींवर धूळ उडवत. त्यांच्यात आईच्या गोष्टीतले केसाळ याकही होते, गळ्यात घंटा वाजवत. मागून कडूबाई, चालता चालता चातीवर सूत काढत. सुताचं टोक ल्हामोच्या मनगटाला गुंडाळलेलं. "ऊठ गं, ल्हामे. दिस कलला." आधार कार्डापुरती वाडी सोडली, तर कडूबाईला जन्मभर पत्ता नव्हता आणि तो कुणी विचारलाही नव्हता. ती जिथं तीन दगड मांडी, तिथं घर होई. ल्हामोला वाटलं, आपणही एक दगड उचलावा. हात उचलला, तर हातात फॉर्म होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले, न वाचता सही केली. "बंकटचं शेत, दोन दिवस. गट नंबर राहिलाय, परत आल्यावर भरा," सुंदरराव म्हणाले. ती धावतच स्टँडवर गेली.

बंकटच्या रानात लेंड्यांचा थर होता, चुलीचे तीन दगड होते. घोडं नव्हतं. सून उज्ज्वला मेंढरं घेऊन पुढच्या रानात गेली होती. सटवा एकटा बाभळीखाली बसला होता.

"काल दिस बुडताना गेली," तो म्हणाला. "हितंच माती दिली. बंकटनं बांधाकडंला जागा दिली." मग, "म्हनत व्हती, ल्हामीला वाट घावली न्हाई वाटतं."

त्यानं चाती तिच्या हातात दिली. सूत अर्धंच निघालेलं होतं.

ओल्या मातीवर हात ठेवून ती बसून राहिली. मावळतीचं ऊन लेंड्यांवर, दगडांवर, तिच्या हातांवर आलं आणि गेलं. उठताना तिनं विचारलं, "दाजी, ह्या रानाचा गट नंबर काय?"

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत आली. बाकावर बसली नाही.

"झाली का भेट?" सुंदररावांनी विचारलं.

तिनं फॉर्म टेबलावर ठेवला, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "गट नंबर दोनशे चौदा. उगवतीचा बांध, बाभळीखाली. आता ती हलत न्हाई, साहेब. पत्ता पक्का हाय."

सुंदररावांनी पेन उचललं. ते तसंच हवेत राहिलं.

"लिवा ना. तीन दिस इचारत व्हता. आता कावून लिवत न्हाई?"