पुढचं दार

थेल्माने दाराच्या फटीत लोणी लावायची सुरी खुपसली आणि वरपासून खालपर्यंत खरवडत आणली. हिरव्या रंगाची लांब लांब सालपटं तिच्या स्लिपरांवर पडली. कमरेच्या उंचीवर सुरी अडली. तिथे रंगाखाली फेल्टची, दाबलेल्या जाड लोकरीची पट्टी होती.

"आजी, अगं मोडेल ती," टिली म्हणाली. "शूटिंगवाल्यांकडे सुतार आहेत. एक नाही, तीन. मी मोजलेत."

"त्यांचे सुतार त्यांच्याकडे."

पट्टी आजोबांनी लावलेली. समुद्रावरचा वारा थेट बैठकीच्या खोलीत घुसतो म्हणून नॉर्मन पर्विस यांनी एका उन्हाळ्यात पुढच्या दाराला चारी बाजूंनी पट्टी ठोकली, वरून रंग फासला आणि दार कायमचंच बंद करून टाकलं. त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. ब्रॅकनलॉसारख्या कोळशाच्या खाणींच्या गावात पुढच्या दाराने येतं कोण? पोलीस आणि पाद्री. बाकी सगळं गाव मागच्या अंगणातून, कोळशाच्या खोपटाला वळसा घालून, "आहेस का गं?" असं ओरडत थेट स्वयंपाकघरात. पुढचं दार उघडायचं ते दोनच वेळा, नवरी निघताना आणि शवपेटी निघताना. टिलीची आई याच दाराने लग्नाला गेली होती. त्यानंतर दार उघडायची वेळ एकदा आली होती खरी, पण ती परस्परच निघून गेली.

थेल्माने पट्टीचं टोक चिमटीत धरून ओढलं. पट्टी आली, मागून खिळे आले. तिने ती नीट गुंडाळली आणि एप्रनच्या खिशात ठेवली.

टिली भिंतीला टेकून उभी होती. पायघोळ तपकिरी स्कर्ट, खांद्यावर बोचरी शाल आणि केसांत तेवीस पिना. आज ती शंभर वर्षांपूर्वीची होती. वर्गातल्या निम्म्या मुली तिच्यावर जळत होत्या आणि ते तिला मनापासून आवडत होतं. प्रसंगही काय साधासुधा नव्हता. सहाशे पानी कादंबरी, पान दोनशे चौदा, खाणीत गाडल्या गेलेल्या नवऱ्याची अंत्ययात्रा. ती कादंबरी आता टीव्हीवर मालिका म्हणून येणार होती आणि शूटिंगसाठी त्यांना ब्रॅकनलॉची गल्ली पसंत पडली होती. पुस्तक गावात सगळ्यांनी वाचलं होतं, म्हणजे निम्म्यांनी वाचलं होतं आणि उरलेल्यांनी त्यांच्याकडून ऐकून नावं ठेवली होती.

पण थेल्माने ते खरोखर वाचलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी खाणकामगारांच्या हॉलमध्ये सभा झाली. लंडनहून आलेली इमोजेन नावाची तरुण दिग्दर्शिका कुठली गाडी कुठे लावायची, कुणाच्या डिश अँटेना काढायच्या हे समजावून सांगत होती. तेव्हा शेवटच्या रांगेतून थेल्मा उठली. गेली पाच वर्षं चारचौघांत ती 'साखर नको' यापलीकडे बोलत नसे, त्यामुळे सगळा हॉल मागे वळून बघायला लागला.

"पुस्तकात पेटी मागच्या दाराने नेलीय," ती म्हणाली.

"हो, मिसेस पर्विस. अंगणातून. तो फार सुंदर परिच्छेद आहे."

"मागच्या दाराने कोळसा येतो."

"पण कादंबरीत—"

"लिहिणारी बाई कुठली?"

"बाथची. तिकडे दक्षिणेतली."

"मग तिचं बरोबरच आहे."

हॉल खदखदून हसला. थेल्मा हसली नाही. हसणं थांबेपर्यंत ती पर्सचा बंद धरून उभी राहिली, मग म्हणाली, "माझं दार घ्या. चौदा नंबर. खांदेकरी मात्र माझे."

टिलीला तेव्हा वाटलं होतं, आजी सुधारतेय.

कारण आजीचं बाहेरून काहीच बिघडलेलं नव्हतं. ती वेळेवर उठे, कुंड्यांना पाणी घाली, नाताळची कार्डं पाठवी. पण सगळं कसं, हातात जाड मोजे घालून केल्यासारखं. बैठकीच्या खोलीचे पडदे ती कधी उघडत नसे. कुणी विचारलं तर म्हणे, उन्हाने गालिचा फिका पडतो. ब्रॅकनलॉमध्ये आणि ऊन! पण वाद कोण घालणार?

आणि टिलीचं तरी काय वेगळं होतं? आजोबा गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. साथीचे दिवस. हॉस्पिटलमधून गाडी परस्पर डरहॅमच्या दहनगृहात गेली, ब्रॅकनलॉमध्ये आलीच नाही. तिथे आठ खुर्च्या, एकमेकींपासून लांब लांब. टिलीला लॅपटॉपवर बघायचं होतं. चित्र आलं, पेटी दिसली, आणि मग ते तसंच गोठलं. मधोमध एक पांढरं वर्तुळ फिरत राहिलं. टिली टोस्ट खात होती. वर्तुळ थांबलं तेव्हा पडद्यावर दुसऱ्याच कुणाचे नातेवाईक बसलेले होते. तिने लॅपटॉप मिटला आणि उरलेला टोस्ट संपवला. रडू येईल म्हणून ती वाट बघत राहिली, दोन दिवस, आठवडा. मग वाट बघायचंही राहून गेलं.

दार कुरकुरलं. थेल्माने खांदा लावला. बोटभर फट पडली आणि फेब्रुवारीचा पांढुरका उजेड आत आला.

"झालं," ती म्हणाली आणि पुन्हा लोटून घेतलं. "उघडतंय एवढं कळलं, पुरे."

स्वयंपाकघरात मोठं पातेलं रटरटत होतं. झाकण उचलून टिलीने डोकावलं. डुकराच्या मांडीचा अख्खा तुकडा, हॅमचा, वीस माणसांना पुरेल असा.

"आजी, हे त्यांच्यासाठी? अगं त्यांची जेवणाची गाडी आहे! तीन प्रकारचं सूप असतं."

"सूप," थेल्मा म्हणाली. बस, एवढंच.

शवपेटी आणली ती सामान सांभाळणाऱ्या बाईने आणि दोन गड्यांनी. मागच्या दारातून वळेना, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली आणि बैठकीत दोन स्टुलांवर ठेवली.

"खांदेकऱ्यांना वजन जाणवायला हवं, म्हणून वाळूच्या पिशव्या टाकतोय," बाई म्हणाली. "वीस किलो पुरे."

"साठ कर."

"साठ? मिसेस पर्विस, ही वयस्कर माणसं आहेत."

"साठ."

बाईने टिलीकडे पाहिलं, टिलीने खांदे उडवले. साठ हा आकडा तिने कुठेतरी ऐकला होता. आई फोनवर कुणालातरी सांगत होती, शेवटी बाबा साठ किलो उरले होते, पंचाऐंशी किलोंचा माणूस. टिली शालीचे दोरे ओढत राहिली.

मग मागच्या दाराने सहाजण आले. "आहेस का गं?" पुढे विल्फ, एकाहत्तरचा, आजोबांबरोबर वीस वर्षं एकाच पाळीत खाणीत उतरलेला. सगळ्यांच्या अंगावर जुने कोट, डोक्यावर चपट्या टोप्या.

"या टोपीत मी थेट माझ्या आजोबांसारखा दिसतो," एकजण म्हणाला.

"तुझ्या आजोबांना मिशा होत्या."

"आजीलापण होत्या," विल्फ म्हणाला, आणि सगळे खोकत हसले.

मेकअपवाल्या मुलीने विल्फच्या कपाळावर, खाणीतल्या जखमेत कोळसा भरून राहतो तसा निळा व्रण रंगवायला ब्रश उचलला, तर तिथे आधीच एक होता. ती ब्रश धरून तशीच थांबली. "राहू दे," विल्फ तिला म्हणाला, "तो पक्का रंग आहे."

टिलीच्या डोळ्यांखाली तिने मेंथॉलची कांडी फिरवली. "दोन मिनिटांत धारा लागतील बघ."

दोन मिनिटं झाली. मुलीने पुन्हा फिरवली. टिलीचे गाल गार पडले, नाक मोकळं झालं, बाकी काही नाही.

"तुझे डोळे अजबच आहेत बाई," मुलगी म्हणाली. "जाऊ दे, मान खाली घाल."

बैठकीत सहाजण पेटीभोवती उभे राहिले. थेल्मा दाराशी आली. तिला पोशाख दिला होता, तिने तो घातला नव्हता. अंगावर रोजचा निळा स्वेटर आणि एप्रन. ती कॅमेऱ्यासमोर येणार नव्हतीच. तिने झाकणावर तळहात ठेवला, ताटाखालची ओल पुसावी तसा एकदा फिरवला.

"पाय पुढे," ती म्हणाली.

"माहीत आहे, थेल्मा," विल्फ म्हणाला.

बाहेर इमोजेन भोंग्यातून सांगत होती. पेटी बाहेर, मागे विधवा, मागे शेजारीपाजारी, दिव्याच्या खांबापर्यंत चालायचं. खांबाशी 'कट' ऐकू आलं की थांबायचं. दोन्ही बाजूंच्या घरांचे पडदे ओढलेले असावेत. हे काही ब्रॅकनलॉला शिकवावं लागलं नाही. गल्लीतून पेटी निघाली की पडदे ओढायचे आणि माणसं पोचवून परत आली की उघडायचे, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

दार उघडलं. या खेपेला सताड.

पेटी उंबऱ्यावरून तिरकी झाली, सावरली, बाहेर आली. सहा जोडी बूट एकदम पडू लागले. मागे विधवेचं काम करणारी लंडनची नटी, तिच्या डोळ्यांतून पाणी अगदी वेळेवर वाहत होतं. तिच्या मागे टिली. रस्त्यावर खोटा चिखल पसरला होता आणि तो खऱ्यासारखाच बुटांना चिकटत होता.

दिव्याचा खांब आला.

"कट!"

खांब मागे गेला.

"कट! सुंदर! थांबा आता, थँक्यू!"

सहाजण चालत होते. विल्फची मान ताठ, नजर समोर. त्याला ऐकू आलं नसेल असं टिलीला क्षणभर वाटलं, पण सहाच्या सहा जणांना? नटीने वळून मागे पाहिलं. आपलं काम संपलं की नाही ते तिला कळेना, म्हणून तीही चालत राहिली. भोंगा पुन्हा कडकडला. कॅमेरा एका जागी रोवलेला होता. त्याच्या चौकटीत आता नुसता रिकामा रस्ता असणार. आपण चौकटीच्या बाहेर आलो, टिलीच्या मनात आलं, आणि तिने थांबायला हवं होतं तिथे पुढचं पाऊल टाकलं.

मागे आवाज वाढला. तिने पाहिलं तर दारादारांतून माणसं उतरत होती. शाली आणि जुन्या टोप्यांच्या मागे आता लोकरी जाकिटं, स्पोर्ट्सचे बूट, एक बाई बाजारहाटाची चाकांची पिशवी ओढत. चढावरून सगळे वर गेले, खाणकामगारांच्या हॉलसमोर. तिथे खांदेकरी थांबले. खाणीत उतरलेल्या प्रत्येक माणसाची पेटी इथे मिनिटभर थांबते. टोप्या निघाल्या. वाऱ्याने विल्फचे चार केस उभे राहिले.

मिनिट झालं. विल्फने मान हलवली. मग त्यांनी पेटी उतारावर उभ्या असलेल्या सामानाच्या गाडीपाशी नेली आणि तंबूच्या काठ्यांशेजारी ठेवली, आत काही हिंदकळू नये अशा बेताने.

परतताना सगळे चौदा नंबरच्या पुढच्या दाराने आत गेले. ते उघडंच होतं. बूट पुसायला पायरीवर रांग लागली.

टेबलावर पांढरी चादर. हॅमचे काप, पातळ आणि एकसारखे, लोणी लावलेला पाव, लोणच्याचा कांदा, चहा. टिली दारातच थांबली. ब्रॅकनलॉमध्ये एखाद्याला नीट पोचवलं असं म्हणायचं असेल तर म्हणतात, त्याला हॅम देऊन पोचवलं. आजोबांच्या वेळी शेजारची म्हातारी अंगणाच्या भिंतीपलीकडून हळहळली होती, 'बिचारा, हॅमसुद्धा नाही मिळालं.' आजी तेव्हा कपडे वाळत घालत होती. तिने पुढचा चिमटा लावला होता.

"बस पोरी, दमली असशील," थेल्मा नटीला म्हणाली आणि तिच्या हातात कप दिला. पडद्यावरची विधवा निमूट बसली आणि खायला लागली.

इमोजेन धापा टाकत दारात आली. "मिसेस पर्विस! विल्फ! खांबापर्यंत ठरलं होतं ना? सुरुवात अप्रतिम होती, फक्त मागून ती जाकिटवाली माणसं... आपण दुसरा टेक घेऊ. पेटी परत आत आणावी लागेल."

कुणीच चावणं थांबवलं नाही.

"दुसरा नाही व्हायचा," विल्फ म्हणाला. "माणूस एकदाच निघतो, पोरी."

"पण ती तर रिकामी—" इमोजेनने खोलीभर पाहिलं. पांढरी चादर, गुडघ्यांवर टोप्या ठेवून बसलेले सहा म्हातारे.

"आधी पाय पूस," थेल्मा म्हणाली. "मग बशी घे."

इमोजेनने पाय पुसले.

टिलीने एक काप तोंडात टाकला. खारट होता. तिने दुसरा घेतला. मेंथॉल अजून गालांवर गार लागत होतं.

थेल्मा पुढच्या दाराशी गेली. ते लोटून तिने कडी लावली. खिशातली फेल्टच्या पट्टीची गुंडाळी बाहेर काढून पाहिली आणि परत खिशात ठेवली. मग ती खिडकीकडे वळली. दोन्ही हातांनी पडदे धरले आणि सरकवले. कड्या गंजल्या होत्या, त्या दांडीवर किंचाळल्या.

"चौदा नंबर!" रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं. "पडदे बंद! अजून शॉट आहे!"

थेल्माने दुसरा पडदाही टोकापर्यंत नेला. गालिच्यावर उजेड पडला. गालिचा लाल होता, चांगला गडद लाल, कडेला बारीक पिवळी वेल. टिली त्याला इतकी वर्षं तपकिरी समजत आली होती.

थेल्माने वाकून पाहिलं.

"पडेल आता फिका," ती म्हणाली, आणि आणखी चहा टाकायला आत गेली.